लार्कहिलला सिनेमा आला तेव्हा

१४ सप्टेंबर १९२०

घरात आज इतकी माणसं आहेत की बोलायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

सिनेमावाले आले. सकाळी खालच्या वळणावर धूळ उठली तेव्हा शेजारच्या अ‍ॅनीला वाटलं, वणवा लागला. धुळीतून एकामागून एक मोटारट्रक वर आले. त्यांवर फळ्या, कापडाचे गठ्ठे, आरसे, पत्र्याच्या मोठाल्या पेट्या, आणि सगळ्यांत शेवटी उघड्या मोटारीत छत्री धरून बसलेली एक मुलगी. लार्कहिलमध्ये इतकी चाकं एका वेळी खाण चालू असतानाही मी पाहिली नव्हती. आता तर इथं अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं आहेत आणि उरलेल्यांत आम्ही बायकाच बायका.

कर्णा घेऊन हिंडणारे डेलमार साहेब म्हणजे दिग्दर्शक. ते आमच्या अंगणात येऊन म्हणाले, "बाई, असं पडकं गाव मी वर्षभर शोधत होतो!"

सासूबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "मग हळू बोला. उरलंसुरलं पडेल."

साहेब हसले. सोन्याच्या खाणीवरच्या एका वस्तीची गोष्ट आहे म्हणे. खाणकामगार, त्याची बायको, एक दुष्ट मालक. आमचं घर गावात सगळ्यांत मोठं, पूर्वी इथं कामगार जेवायला असत, म्हणून त्यांची निम्मी मंडळी आमच्याकडे उतरली. मी खूप दिवसांनी मोठं पातेलं काढलं. हात दुखतायत, पण बरं वाटतंय.

१८ सप्टेंबर

गंमत बघा. एवढी घरं रिकामी पडलेली असताना यांनी आणखी घरं बांधायला घेतलीत. साहेबांना आमचा रस्ता पुरेसा गजबजलेला वाटत नाही. म्हणून मोकळ्या जागेवर एक दारूचं दुकान, एक बँक आणि एक चर्च उभं राहतंय. सगळ्यांचा नुसता समोरचा भाग, फळ्यांवर ताणलेलं कापड. मागे टेकू लावलेले वासे, आणि खिडकीतून पाहिलं तर सरळ आकाश.

हे बांधणारा सुतार अर्विड लिंडक्विस्ट. मूळचा स्वीडनचा, उंच, थोडा पोक काढून चालणारा, बोलायला कंजूष. रात्रीच्या जेवणाला आला तेव्हा बसायला जागा उरली नव्हती. सासूबाईंनी चुलीजवळची खुर्ची दाखवली, "बैस तिथं."

ती माझ्या गेलेल्या नवऱ्याची, पास्कोची खुर्ची. नऊ वर्षांत त्यांनी तिच्यावर कुणाला टेकू दिलं नाही, पाद्रीबाबांनासुद्धा नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या शांतपणे कांदा चिरत होत्या. गर्दीत भान राहिलं नसेल.

२३ सप्टेंबर

दिवसच्या दिवस स्वप्नात असल्यासारखे चाललेत. सकाळी पाणी आणायला जावं तर रस्त्यात वीस वर्षांपूर्वीच्या कपड्यांतली माणसं उभी. एकजण घोड्यावरून पडतो, उठतो, पुन्हा तसाच पडतो. मिस वेन, ती छत्रीवाली नायिका, भर उन्हात आरशांनी आणखी ऊन पाडून रडत असते, आणि तिला रडू यावं म्हणून शेजारी एक माणूस खुर्चीवर बसून व्हायोलिन वाजवतो. मला आधी वाटलं, सिनेमाला आवाज नसतो म्हणजे हे लोक गप्प राहून काम करत असतील. छे! साहेब कर्ण्यातून सारखे ओरडत असतात, "आता वर बघ! आता भीती! आता आशा! आशा दाखव, अगं, ही तर भीतीच आहे!" सुतार ठोकत असतात, आचारी शिव्या घालत असतो, आणि कॅमेऱ्याचं हॅण्डल फिरवणारा तोंडातल्या तोंडात आकडे मोजत असतो. यातलं काहीच सिनेमात येणार नाही. फक्त तिचा चेहरा येणार.

दुपारी मिस वेन स्वयंपाकघरात आली. रंग लावलेल्या चेहऱ्याची, पण बोलायला अगदी साधी. कुणीतरी तिला आमच्या प्रुडन्स खाणीतल्या अपघाताची हकीकत सांगितली असावी. टेबलापाशी बसून हळूच म्हणाली, "खाणीत पाणी शिरलं हे कळलं तेव्हा तुम्ही काय केलंत? किंचाळलात?"

"इस्त्री करत होते," मी म्हणाले. "हातातली बाही पुरी केली. मग निघाले."

ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. तिला काय हवं होतं ते मला देता आलं नाही असं वाटलं.

३० सप्टेंबर

आज अ‍ॅनी अँगोव्हच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळ्या जमलो. अ‍ॅनीचा नवराही पास्कोबरोबरच खाली राहिला. तिथं जमलेल्या जवळजवळ प्रत्येकीचं कुणी ना कुणी अजून त्या टेकडीत आहे. जुन्या बोगद्यातलं पाणी भिंत फोडून आलं, आणि पाणी उपसून होईपर्यंत खालची दालनंच बसली. कुणालाही वर काढता आलं नाही.

डेलमार साहेबांना खाणीच्या तोंडाशी प्रसंग घ्यायचाय. अपघात झालाय, बायका वाट बघत उभ्या आहेत, आणि शेवटी माणसं जिवंत बाहेर येतात. त्यांना खरी खाण हवी, आणि बायका म्हणून आम्ही.

अ‍ॅनी भडकली होती. "आमच्या रडण्याचा तमाशा करणार? पंचवीस सेंटांचं तिकीट काढून लोक दाणे खात बघणार?"

कुणी म्हणालं, नाही म्हणून सांगू. कुणी म्हणालं, त्यांना दुसरीकडून बायका आणू देत. त्यावर अ‍ॅनी आणखीच चिडली, "आणि आपल्या जागेवर भलत्याच उभ्या राहणार? ते तर मुळीच नको!"

मग सगळ्या सासूबाईंकडे बघायला लागल्या. झेनोबिया रोस्केली काय म्हणतील तेच इथं होतं. बाकीच्यांनी दफनभूमीत रिकाम्या जागेवर नावाचे दगड लावले, तेव्हा एकट्या सासूबाईंनी पास्कोचा दगड लावला नव्हता. मला तर खात्रीच होती की त्या आता उठून निघून जातील.

त्या म्हणाल्या, "त्या वेळी आपण तीन दिवस उभ्या राहिलो आणि कुणी आलं नाही. यांच्या सिनेमात तर वर येतात ना? मग मला बघायचंय. येतात तेव्हा कसं वाटतं ते एकदा बघायचंय मला."

अ‍ॅनीनं चहाचं भांडं उचललं आणि सगळ्यांच्या पेल्यांत ओतलं, ज्यांचे भरलेले होते त्यांच्याही.

६ ऑक्टोबर

सासूबाईंची मला काळजी वाटू लागली आहे. त्यांचं वय झालंय हे मी विसरते.

आज थंडी पडली. अर्विड पातळ सदऱ्यावर काम करत होता. सासूबाई माडीवर गेल्या, पेटी उघडली, आणि पास्कोचा गडद निळा लोकरी कोट घेऊन थेट त्या कापडी चर्चपाशी गेल्या. मी मागोमाग धावले. "आई, अहो तो पास्कोचा—"

"मला माहितीये कुणाचा आहे. मीच शिवलाय." अर्विडला म्हणाल्या, "हात घाल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? त्यानं हात घातले. बाह्या थोड्या आखूड झाल्या. सासूबाईंनी चारी बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "तुला आई आहे का रे?"

"नाही. गेली."

"बायको?"

"नाही."

"बरं," असं म्हणून त्या परत फिरल्या. हे काय विचारणं झालं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या कोटाला नऊ वर्षं कसर लागू नये म्हणून त्यांनी जीव टाकला, तो असा एखाद्या परक्याच्या अंगावर. आठवण पुसट होत चालली असेल तर देवानं त्यांना तेवढी दया तरी दाखवली म्हणायचं. त्यांना सोडून मी कुठं जाण्याचा प्रश्नच येत नाही. बहीण बोलावते सॅक्रामेंटोला, पण या टेकडीपासून दूर केलं तर त्या महिनाभर जगणार नाहीत.

९ ऑक्टोबर

धुकं. काम बंद. कॅमेऱ्याला काही दिसत नाही.

साहेबांची माणसं पत्ते खेळत बसली. मी अ‍ॅनीकडे पाव द्यायला निघाले तर अर्विड म्हणाला, मलाही तिकडंच जायचंय. अ‍ॅनीचं घर डावीकडे, आम्ही उजवीकडे वळलो. माझ्या लक्षात आलं नाही.

धुक्यात खरी घरं कुठली आणि त्यानं बांधलेली कुठली, काही कळत नव्हतं. बँकेच्या पायरीवरून आम्ही चढलो आणि दार उघडून आत गेलो, तर आत गवत आणि एक चुकलेली शेळी. तो म्हणाला, "मी बारा वर्षं घरं बांधतोय. एकातही कुणी राहिलं नाही."

"वाईट वाटतं?"

"पूर्वी वाटायचं नाही."

चर्चच्या खिडकीपाशी आम्ही पाव तोडून थोडा शेळीला दिला. मग आम्हीही खाल्ला. त्यानं विचारलं, गाव सोडून जावंसं कधी वाटलं नाही का. मी सासूबाईंचं सांगितलं. तो म्हणाला, "त्या फार कणखर आहेत." माणसाला एवढ्या थोड्या दिवसांत काय कळणार! पण मी वाद घातला नाही. धुक्यामुळे सगळं इतकं मऊ झालं होतं की वाद घालण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

अ‍ॅनीला सांगावं लागलं, पाव करपला म्हणून.

११ ऑक्टोबर

लिहिते आहे, पण नीट लिहिता येईल की नाही ठाऊक नाही.

सकाळी आम्ही सगळ्या शाली घेऊन खाणीच्या तोंडाशी गेलो. टेकडीतला आडवा बोगदा तेवढा शाबूत आहे, त्याच्या पलीकडे खाली जाणारा मार्ग दगडांनी बुजवून टाकलेला. अर्विड आधीच आत गेला होता, जुन्या छताला नवे टेकू लावायला. त्याच्यामागून खोट्या कामगारांना आत पाठवलं. हे सबंध खोऱ्यातून गोळा केलेले लाकूडतोडे, तोंडाला काजळी फासलेले.

डेलमार साहेबांनी कर्णा तोंडाला लावला, आमच्याकडे पाहिलं, आणि खाली घेतला. "तुम्हाला मी काय सांगणार, बायांनो," एवढंच म्हणाले. व्हायोलिनवालाही थांबला. इतके दिवस चाललेला सगळा गोंगाट एकदम बंद झाला आणि नुसता हॅण्डल फिरल्याचा आवाज येत राहिला.

आम्ही उभ्या राहिलो. कुणी न सांगता सगळ्या आपापल्या जुन्या जागी. सासूबाई त्या मोठ्या दगडाशी, मी त्यांच्या डावीकडे. आणि खरंच सांगते, वर्षं गळून पडली. हे खोटं आहे हे डोक्याला माहीत होतं, पण पायांना कुठं माहीत?

मग माणसं बाहेर यायला लागली.

एकेक करून, डोळे मिचकावत. पहिला आला तेव्हा आमच्यातल्या कुणीतरी असा आवाज काढला, मी तसा कधी ऐकला नाही. अ‍ॅनी, सगळ्यांत जास्त चिडलेली अ‍ॅनी, धावली आणि एका दाढीवाल्या लाकूडतोड्याच्या गळ्यात पडली. त्या बिचाऱ्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं आणि मग तिला घट्ट धरलं. आणखी एक आला, आणखी एक. सासूबाई पुढं झाल्या. एक कोवळा पोरगा होता, त्याच्यासमोर उभं राहून त्यांनी एप्रनचं टोक जिभेनं ओलं केलं आणि त्याचं तोंड पुसायला लागल्या. हळूहळू, कानामागेसुद्धा. तो मान वाकवून उभा.

मी बोगद्याकडे बघत होते. अजून एक यायचा होता. येत नव्हता. मला मोठ्यानं विचारायचं होतं की आत कुणी राहिलंय का, पण मी शाल घट्ट धरून उभी राहिले.

आणि मग पास्कोचा कोट दिसला. काळोखातून तो निळा कोट बाहेर येत होता, आणि मी धावले. मला कुणी धावायला सांगितलं नव्हतं, मी नुसतं उभं राहायचं होतं. मी पास्कोला हाक मारली, जिवाच्या आकांतानं, आणि त्या कोटाला जाऊन बिलगले.

अर्थात तो अर्विड होता. एक लाकूडतोड्या ऐन वेळी आत जायला घाबरला, म्हणून याला काजळी फासून उभं केलं होतं. कोटानं मला फसवलं.

मी मान वर केली तर तो माझ्याकडे असा बघत होता! मग मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. साहेबांचे डोळे भरलेले. अ‍ॅनी माझ्याजवळ आली, खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली आणि म्हणाली, "बरं झालं गं."

काय बरं झालं? भर गावासमोर मेलेल्या नवऱ्याला हाका मारल्या, परक्या पुरुषाला मिठी मारली, आणि सासू बघत असताना. मी घरी पळून आले.

१२ ऑक्टोबर

सासूबाई सकाळपासून गुणगुणतायत. त्यांना मी इतक्या वर्षांत गुणगुणताना ऐकलं नव्हतं. पास्कोचं नाव ऐकून त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असेल तर त्याला मीच जबाबदार.

अर्विड जेवायला आला नाही, असं नाही. आला, खुर्चीत बसला, आणि माझ्याकडे बघून हसला. मी ताट ठेवलं आणि आत गेले.

१४ ऑक्टोबर

गेले. ट्रक, आरसे, छत्री, सगळं. कापडी गाव तेवढं मागं राहिलं. पुढं कधी उपयोगी पडलं तर पडेल म्हणून पाडलं नाही.

निघण्याआधी अर्विड अंगणात आला. टोपी हातात. "लव्हडे," म्हणाला. पहिल्यांदाच नावानं. "त्या दिवशी तुम्ही हाक मारलीत—"

मला त्याला खोट्या आशेत ठेवायचं नव्हतं. त्याला इतकं तरी स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य होतं. "ती तुमच्यासाठी नव्हती," मी म्हणाले.

त्यानं हातातली टोपी एकदा फिरवली. जणू मी परक्या भाषेत बोलले होते आणि तो अर्थ लावत होता. मग म्हणाला, "बरं." कोट काढून दाराच्या खुंटीवर अडकवला आणि ट्रककडे गेला.

मी कोट घडी करून पेटीत ठेवला. सासूबाईंनी त्यांच्या खोलीचं दार इतक्या जोरात आपटलं की कपाटातल्या बशा वाजल्या. कशावरून राग आला, विचारलं तर म्हणाल्या, "माझं वय झालंय. वय झालेल्या माणसाला कारण लागत नाही."

७ नोव्हेंबर

वारा सुटला की कापडी चर्च शीड भरल्यासारखं फुगतं. अ‍ॅनीच्या कोंबड्या बँकेत राहायला गेल्यात.

मी रोज तिकडून एक चक्कर मारते. त्यानं दारांच्या कडासुद्धा घासून गुळगुळीत केल्यात. कॅमेऱ्याला हे दिसणार नव्हतं, मग कशाला केलं असेल?

५ डिसेंबर

आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. सासूबाई मोजा विणत होत्या, मी वाटाणे निवडत होते. एकदम म्हणाल्या, "तू त्याला का घालवलंस?"

"कुणाला?"

"सांताक्लॉजला. कुणाला म्हणजे काय?"

मी म्हणाले, "आई, त्या दिवशी मी सगळ्यांदेखत पास्कोला हाक मारली. तुम्हीही ऐकलंत. ज्या माणसाला बघून मला पास्कोच आठवतो त्याला मी कसं—"

सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "कुणाला हाक मारलीस?"

"पास्कोला."

"अगं बये!" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू 'अर्विड' म्हणून ओरडलीस."

मी म्हणाले, शक्यच नाही.

"दोनदा ओरडलीस. अख्ख्या गावाला ऐकू गेलं. खालच्या गिरणीपर्यंत गेलं असेल. तुलाच तेवढं गेलं नाही होय? आणि मी इथं दोन महिने जीव खातेय की पोरगी एवढी हाक मारते आणि मग त्याला कुत्र्यासारखं हाकलते, हिला झालंय तरी काय!"

मांडीवरची वाटाण्यांची परडी खाली पडली. मी आठवायचा प्रयत्न केला. काळोख, निळा कोट, धावताना पायाखाली सरकणारे खडे. आणि तोंडातलं नाव... कितीही डोळे मिटले तरी तोंडातलं नाव ऐकू येईना. पण हे आठवलं, की कोट दिसण्याच्या आधीपासूनच मी त्याची वाट बघत होते. आत टेकू लावायला गेलेल्याची. पास्को माझ्या मनातही नव्हता.

मला रडू फुटलं. "मग तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. मी त्याची आई आहे. पण वर आलेलं माणूस बघून कुणी धावतं, हे मला बघायचं होतं ना? बघितलं." नाक पुसून म्हणाल्या, "आता तू जा. माझं काय, मी अ‍ॅनीकडे राहीन. तुझ्यासाठी म्हणून तर इतकी वर्षं या उजाड जागी काढली."

"माझ्यासाठी?"

"तुला टेकडी सोडवत नाही म्हणून! दर रविवारी तिकडं जाऊन उभी राहायचीस."

"अहो, तुम्ही एकट्या जाल म्हणून मी जायची! तुम्हाला सोडवत नाही म्हणून मी बहिणीला नाही म्हणत आले!"

"मला? मला या थंडीत गुडघे वाकवता येत नाहीत. मला कधीचा समुद्र बघायचाय."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. चुलीत लाकूड तडकलं. मग सासूबाई म्हणाल्या, "मग इथं राहायचं होतं तरी कुणाला?"

आणि आम्हाला हसू लोटलं. इतकं हसलो की अ‍ॅनी बर्फातून बघायला आली. तिला वाटलं, आम्ही रडतोय. तसंही होतंच.

१९ डिसेंबर

अर्विडला पत्र लिहायला बसले. 'तुम्ही ठीक असाल' याच्या पुढं जाईना. फाडलं.

२२ डिसेंबर

पुन्हा लिहिलं. पुन्हा फाडलं. माणूस समोर असताना नाही म्हणायला एक वाक्य पुरलं, आणि आता कागदच्या कागद पुरत नाहीत. त्यानं दुसरं कुणी पाहिलंही असेल.

सासूबाईंनी दिवा लावून काहीतरी लिहिलं आणि खाली टपालात टाकायला अ‍ॅनीकडे दिलं. त्यांच्या भाचीला नाताळच्या शुभेच्छा, म्हणाल्या. भाचीला त्यांनी आजवर कधी पाठवल्या नव्हत्या.

२६ फेब्रुवारी १९२१

खालच्या शहरात सिनेमा लागला. आम्ही सगळ्या दोन गाड्या करून गेलो.

अंधार झाला, पियानो सुरू झाला, आणि पडद्यावर लार्कहिल आलं. किती सुंदर दिसत होतं! आम्ही रोज जिथं कपडे वाळत घालतो ते अंगणसुद्धा चांदण्यातलं वाटत होतं. खरी घरं आणि कापडी घरं शेजारी शेजारी, आणि पडद्यावर सगळीच सारखी खरी.

मग खाणीचं तोंड. हॉलमधले लोक पुढं सरकले. सासूबाई दिसल्या, पडदाभर, त्या पोराचं तोंड पुसताना. शेजारून आवाज आला, "ती म्हातारी कोण गं?" सासूबाईच विचारत होत्या.

"तुम्ही, आई."

"छे. मी एवढी म्हातारी?" आणि थोड्या वेळानं, "पण पुसतेय छान."

मी धावले. म्हणजे माझी पाठ धावली. तोंड दिसायच्या आधीच तिथं मिस वेनचा चेहरा लावला होता. आणि मग काळ्या पाटीवर अक्षरं आली, पियानो थांबला, आणि सगळ्या हॉलनं मनातल्या मनात वाचलं: 'हेन्री!'

अ‍ॅनी एवढ्या मोठ्यानं हसली की पुढच्या रांगेतल्या बाईनं रागानं मागं पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आमची माणसं वर आली होती. निदान त्या हॉलमध्ये, रोज संध्याकाळी, येत राहणार होती.

२० मार्च

अर्विड आला.

कंपनीला तिच्या फळ्या परत हव्यात, म्हणून कापडी गाव पाडायला आलोय म्हणाला. ट्रक आणला नाही. मागून येणार असेल. सासूबाईंनी नेमका सकाळीच केशराचा केक भाजला होता, योगायोगच म्हणायचा. त्यांनी मला टोपली दिली आणि म्हणाल्या, "कोंबड्यांना खाऊ घालून ये. बँकेत आहेत."

तो बँकेच्या पायरीवर बसला होता. हातात साधा हातोडाही नव्हता.

मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलंत?"

"कुठल्या दिवशी? हाक मारलीत तेव्हा, की ती माझ्यासाठी नव्हती म्हणालात तेव्हा?"

"हाक मारली तेव्हा."

"ऐकलं."

"मी ऐकलं नव्हतं. मला डिसेंबरात कळलं."

हे किती मूर्खासारखं वाटतंय हे बोलल्यावर लक्षात आलं. पण तो हसला नाही. सरकून पायरीवर जागा केली. मी बसले. कोंबड्या दारातून आतबाहेर करत होत्या.

"निघालात त्या दिवशीचं विसरा," मी म्हणाले.

"प्रयत्न केला होता. जमलं नाही." मग म्हणाला, "आता जमेल."

२४ मार्च

ट्रक अजून आलेला नाही. मी सासूबाईंना म्हणाले, कंपनीवाले फारच निष्काळजी दिसतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावर हात मारून घेतला.

१७ एप्रिल

आज निघालो. आम्ही तिघं, दक्षिणेला. अर्विडनं समुद्राच्या बाजूला एक छोटी जागा पाहिली आहे, मागच्या भिंतींसकट घर बांधणार म्हणतो. सासूबाईंनी सामानात काय काय भरलंय देव जाणे, पण जड पेटी चढवताना अर्विडला 'अरे गाढवा, कोपरा सांभाळ' म्हणाल्या, म्हणजे तो घरचा झाला.

गाडी जुंपेपर्यंत मी एकटीच खाणीच्या तोंडाशी गेले. ऊन पडलं होतं. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, निदान माफी मागावी, निरोप घ्यावा. आता छातीत कळ येईल, आता येईल, म्हणून वाट पाहत राहिले. टेकडी आपली गप्प. खारी धावत होत्या. आणि मला सपाटून भूक लागली.

अ‍ॅनीनं वाटेसाठी दिलेली, सारण भरून भाजलेली पेस्टी पिशवीत होती, गरम होती अजून. मोठ्या दगडावर बसले आणि खायला लागले. मटण आणि बटाटा, कडेचं पीठ थोडं जाड, पास्कोला आवडायची तशी. आमचे खाणकामगार पेस्टीचा शेवटचा कोपरा कधी खात नसत, खाणीत राहणाऱ्या आत्म्यांच्या नावानं टाकत. मी आत वाकून तो कोपरा पहिल्या टेकूच्या पायाशी ठेवला.

"लव्हडे! अगं ए लव्हडे!" खालून सासूबाईंचा आवाज आला. "समुद्र काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे का?"

"आले!" मी ओरडले, आणि हात झटकून उतारावरून खाली निघाले.